विद्यापीठात शिकत असताना प्राथमिक कोरियनची सुरुवात मराठीच्या आधाराने करता येईल का?

प्रश्न

मी पुण्यात संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे आणि गेले दोन महिने रोज साधारण पाऊण तास कोरियन शिकत आहे. हान्गुल लिपी अडखळत का होईना वाचता येते; वाक्य रचायला घेतले की मात्र अडते. माझे पुस्तक इंग्रजीतून असल्याने प्रत्येक वाक्य मी आधी इंग्रजीत मांडते, मग ते उलटे करत बसते, आणि शब्दांच्या शेवटी लागणारे ‘नन’, ‘गा’, ‘रुल’ हे प्रत्यय कुठे लावायचे ते तेवढ्यात विसरून जाते. उच्चार लक्षात राहावेत म्हणून वहीत सर्व काही देवनागरीत लिहिते, पण एकच अक्षर कधी ‘प’ तर कधी ‘ब’ असे ऐकू येत असल्यामुळे वहीवरचा विश्वास उडाला आहे. इंग्रजी बाजूला ठेवून मराठीच्या आधाराने शिकता येईल का, देवनागरीत लिहिणे थांबवावे का, आणि वर्षभरात टोपिक या कोरियन भाषेच्या प्रावीण्य परीक्षेला बसणे शक्य आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (दुभाषी, रांजणगाव परिसर)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंकोच ‘होय’ असे आहे. मीही पहिले वर्ष इंग्रजी पुस्तकांवरच काढले आणि मराठी जवळ असूनही तिच्याकडे पाहिले नाही, याची खंत आजही वाटते. मराठी आणि कोरियन या एका कुळातल्या भाषा नव्हेत, तरीही वाक्याची घडण विलक्षण जवळची आहे. ‘मी काल वाचलेले पुस्तक’ हे शब्द आहेत त्याच क्रमाने कोरियनमध्ये नेता येतात : ‘नेगा ऑजे इल्गन छेक’. इंग्रजीत पुस्तक आधी ठेवून बाकीचे सारे त्याच्यामागे जोडावे लागते, आणि तुमची उलटापालट नेमकी तिथे सुरू होते.

याहून मोलाचा ठेवा संयुक्त क्रियापदांचा आहे. ‘मॉक्ता’ म्हणजे खाणे आणि ‘पोदा’ म्हणजे बघणे; ‘मॉगॉ बोदा’ म्हणजे ‘खाऊन बघणे’, अगदी आपल्याच अर्थाने. ‘पॉरिदा’ म्हणजे टाकून देणे, म्हणून ‘मॉगॉ बॉरिदा’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’, आणि काम पुरते उरकल्याची, कधी थोडी हळहळ वाटल्याची छटाही तीच. ‘हे दुदा’ म्हणजे ‘करून ठेवणे’, ‘सा जुदा’ म्हणजे ‘विकत घेऊन देणे’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यांतील प्रत्येक रूप स्वतंत्र नियम म्हणून पाठ करावे लागते. आपल्याला केवळ क्रियापदांची ओळख करून घ्यायची असते.

प्रत्ययांच्या बाबतीत मात्र सावध राहा, कारण तिथे साम्य अर्धवट आहे. आपण ‘मुलाला बोलावले’ म्हणतो, पण ‘पुस्तक वाचले’ म्हणताना पुस्तकाला ‘ला’ लावत नाही. कोरियनमध्ये कर्माचा ‘उल’ किंवा ‘रुल’ पुस्तकालाही लागतो, जरी बोलताना तो बरेचदा गळतो. ‘कोण आले?’ या प्रश्नाच्या उत्तरातील कर्त्याला ‘इ’ किंवा ‘गा’ लावावा; जिच्याविषयी बोलणे आधीच चालू आहे तिच्याबद्दल पुढे काही सांगायचे असेल, तर ‘अन’ किंवा ‘नन’ लावावा. मराठीतला ‘तर’ (‘ती तर शिकवते’) या दुसऱ्या प्रत्ययाच्या थोडा जवळ जातो, पण ‘नन’ त्याहून कितीतरी अधिक वेळा येतो. आपल्या एकट्या ‘-त’ साठी तिथे दोन प्रत्यय आहेत : असणे आणि जाणे यांसाठी ‘ए’, तर एखादी कृती जिथे घडते त्या जागेसाठी ‘एसॉ’.

आदरार्थी रूपांना बहुतेक विद्यार्थी घाबरतात. आपण मित्राला ‘सर आले रे’ असे सांगतो, तेव्हा ‘आले’ हा मान सरांना असतो आणि ‘रे’ ही जवळीक मित्राशी असते. कोरियनमध्येही ज्याच्याविषयी बोलतो त्याचा मान आणि ज्याच्याशी बोलतो त्याचा मान वेगवेगळा दाखवतात : ‘सॉनसेङनिम ओशॉस्सॉ’ या वाक्यात ‘शॉ’ मधून सरांचा आदर व्यक्त होतो आणि शेवटी ‘यो’ नसल्याने ऐकणारा जवळचा आहे हे कळते. फरक एवढाच की आपण ‘आई आली’ म्हणतो, तर तिथे आईबद्दल बोलतानाही आदरार्थी रूप वापरणे रीतसर समजले जाते. शब्दकोशात ‘तुम्ही’ या अर्थाने ‘तांगशिन’ सापडेल. तो शिक्षकांना किंवा अनोळखी माणसाला कधीही वापरू नका, त्यांना पदाने किंवा नात्याने हाक मारा.

उत्तर २ (मराठीची शिक्षिका, सध्या सोल येथे वास्तव्य)

देवनागरीत लिहिणे आजपासून थांबवावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. वरच्या उत्तरात ‘पोदा’ एकटा असताना ‘प’ आणि ‘मॉगॉ’ नंतर ‘ब’ असा लिहिला आहे, तरी हान्गुलमध्ये अक्षर एकच आहे. शब्दारंभी ते अघोष आणि दोन स्वरांमध्ये घोष उच्चारले जाते. आपल्या कानाला ‘प’ आणि ‘ब’ वेगळे वाटतात, म्हणून गोंधळ होतो. त्याउलट जो भेद कोरियन माणसाला स्पष्ट ऐकू येतो, तो आपल्याला चटकन जाणवत नाही. चंद्र, मुलगी आणि मुखवटा या तिन्हींचे शब्द आपल्याला ‘ताल’सारखेच वाटतात. मुखवट्याचा पहिला वर्ण आपल्या ‘थ’सारखा महाप्राण आहे, मुलीचा वर्ण कंठ ताणून, श्वास न सोडता उच्चारायचा आहे, आणि चंद्राचा सैल असून विशेषतः सोलमधील तरुणांच्या बोलण्यात त्यापुढचा स्वर खालच्या पट्टीत उतरतो. आपला नेहमीचा ‘त’ ताणलेल्या वर्णाच्या जवळ पडतो, त्यामुळे तुम्ही चंद्र म्हणायला जाल आणि समोरच्याला मुलगी ऐकू येईल. हा भेद ध्वनिफितीमागून रोज दहा मिनिटे मोठ्याने म्हणूनच अंगवळणी पडतो.

हान्गुलची रचना समजून घेतली तर ती वेगळी पाठ करावी लागत नाही. राजा सेजोंगच्या काळात 1443 मध्ये तयार झालेल्या आणि 1446 मध्ये जाहीर झालेल्या या लिपीत ‘न’चे अक्षर दातांमागे टेकलेल्या जिभेच्या टोकासारखे आहे आणि ‘म’चे अक्षर मिटलेल्या ओठांच्या चौकोनासारखे आहे. आज वापरात असलेली मूलभूत अक्षरे 24 आहेत, 14 व्यंजने आणि 10 स्वर.

शेवटच्या व्यंजनांचे बदल कठीण वाटत असतील, तर शाळेतला अनुनासिक संधी आठवा. वाक् + मय = वाङ्मय होते, तसेच ‘कुक’ + ‘मुल’ यांचे ‘कुङमुल’ (रस्सा) होते; जगत् + नाथ = जगन्नाथ होते, तसेच ‘हाप्’ पुढे ‘निदा’ आले की ‘हाम्निदा’ ऐकू येते. इंग्रजी पुस्तके यासाठी लांबलचक तक्ते देतात. आपण हा नियम आठवी-नववीतच शिकलेलो असतो.

उत्तर ३ (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पहिली पातळी उत्तीर्ण)

टोपिकच्या पहिल्या भागात फक्त ऐकणे आणि वाचणे असते, लेखन नसते. एकूण 200 गुणांपैकी 80 मिळाले तर पहिली पातळी आणि 140 मिळाले तर दुसरी पातळी मिळते. पहिल्या पातळीला साधारण 800 शब्द लागतात, म्हणून रोज पाऊण तास देऊन वर्षभरात ती गाठणे शक्य आहे. निकाल दोन वर्षेच ग्राह्य असतो. नोकरीसाठी हवा असेल तर शेवटच्या सत्राच्या जवळ परीक्षा द्यावी.

संख्यांकडे दुर्लक्ष करू नका. तास मूळ कोरियन अंकांत आणि मिनिटे चिनी मूळच्या अंकांत सांगतात, म्हणून सव्वातीन म्हणजे ‘से शि शिबो बुन’. मोठ्या रकमा दहा हजारांच्या गटांत मोजतात : एक लाख म्हणजे दहा ‘मान’, आणि वर सांगितलेल्या संधीप्रमाणेच ‘शिप’ + ‘मान’ = ‘शिम्मान’. ऐकण्याच्या भागात वेळ आणि किंमत हमखास विचारतात.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आज वही बदलली आणि मराठी वाक्य समोर ठेवून हान्गुलमध्ये पहिले वाक्य लिहिले. येथे सर्वांना वाचता यावे म्हणून तेवढे देवनागरीत देते : ‘चॉनन तोसॉग्वाने थोङगेहागुल कोङबुहेयो’, म्हणजे ‘मी ग्रंथालयात संख्याशास्त्राचा अभ्यास करते’. हे बरोबर आहे का?

उत्तर १ (दुभाषी)

क्रम बरोबर आहे, ‘नन’ आणि कर्माचा प्रत्ययही योग्य जागी आहेत. फक्त ग्रंथालयात अभ्यासाची कृती घडते आहे, म्हणून ‘तोसॉग्वाने’ऐवजी ‘तोसॉग्वानेसॉ’ हवे. आता हेच वाक्य ‘अभ्यास करून ठेवते’ असे करून पाहा. शेवट ‘कोङबुहे द्वॉयो’ असा होईल.