मदत हवी आहे: तडितरक्षकाचं अर्थिंग मेन अर्थिंगला जोडायचं का?

कोकणात आमच्या सोसायटीची पाच मजली इमारत. गच्चीवरच्या तडितरक्षकाची पट्टी वेगळ्या अर्थपिटात उतरते. तरी वळवाच्या विजांत लिफ्टचं कंट्रोल कार्ड आणि इंटरकॉम गेले. कार्डावर काळा डाग, एमसीबी मात्र जागची हलली नाही (हलणार कशी, सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, मायक्रोसेकंदांचा!). दोन्ही अर्थपिट मोजून घेतले, 5 ओहमच्या आत आहेत. पुरवठा थ्री फेज, ओव्हरहेड लाइनवरून. मेन पॅनेलला टाइप 1+2 एसपीडी (सर्ज जमिनीत वळवणारं उपकरण; टाइप 1 थेट विजेच्या प्रवाहासाठी, टाइप 2 उरलेल्या सर्जसाठी) बसवायचं ठरलंय, पण लिफ्टचं पॅनेल तिथून 20 मीटर वर. भिंती फोडायला सभासद तयार नाहीत.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, दोन्ही अर्थिंग वेगळीच ठेवा. आयएस/आयईसी 62305 हे विजेपासून संरक्षणाचं मानक तर जोडायला सांगतं. मग जोडणी नेमकी कुठे करायची, मेन अर्थ बारवर (सगळ्या अर्थ वायरी एकत्र येतात त्या पट्टीवर) की जमिनीखाली पिटांमध्ये? आणि लिफ्टपाशी वेगळा टाइप 2 एसपीडी लागेलच का?