अनुभव धागा : ऐनवेळी दुसऱ्याची भूमिका

राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की नागपुरातल्या कुठल्या तरी संघात कोणीतरी आजारी पडतंच. मग जो उभा राहतो त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. संधी मिळाली नसेल तरी लिहा.

माझं सांगतो. सायंटिफिक सभागृहात प्रयोग, दोन दिवस आधी मुख्य नटाला डेंग्यू. मी प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून वाक्यं पुरवायला होतो, त्यामुळे संवाद सगळ्यांचेच पाठ, पण कुठल्या वाक्याला उठायचं, ग्लास कुठल्या हातात धरायचा हे मी कधी पाहिलंच नव्हतं, माझी मान सतत वहीत. रात्री 2 पर्यंत गच्चीवर खडूनं सेट आखून चालत राहिलो. तो माझ्यापेक्षा वीतभर बुटका, लाइट त्याच्या उंचीला लावलेले, ठरलेल्या जागी उभं राहिलं की माझं डोकं अंधारात. लाइटवाले काका म्हणाले, अर्धं पाऊल पुढे ये, बाकी मी पाहतो. त्या अर्ध्या पावलावर माझा अख्खा दुसरा अंक तरला.

*

दादा, मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत, कामं करते. दिवाळी ते होळी हंगाम, एकाच रात्री कितीतरी गावांत नाटकं, नटी कमीच पडतात. एकदा दुपारी वडशाहून, म्हणजे तिकडच्या नाटक कंपन्यांच्या गावाहून, फोन, ताई आजच निघा. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, सगळा रस्ता गाडीत संहिता वाचत गेले. तिकडे प्रॉम्प्टर शब्द न शब्द देतो म्हणून निभतं, पण एक कान त्याच्याकडे आणि एक समोरच्या नटाकडे ठेवून रडायचं कसं ते तिथंच शिकले. गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झालेला, घरोघरी पाहुणे, मंडप गच्च. पहाटे नाटक संपलं तर एक आजी भूमिकेच्या नावानं हाक मारून चहा घेऊन आल्या.

*

मी तं एकदाही चढलो नाही बावा. 8 प्रयोग कपडे घालून विंगेत उभा राह्यलो. तिसरी घंटा झाली का छातीत धडधड व्हायची, ज्याची भूमिका तो नट एंट्री घ्यायचा आन् मी खाली बसायचो. त्याचं वाईट कधीच चिंतलं नाही, खरं सांगून राह्यलो. नाटक आजही अख्खं पाठ आहे.

*

मी दुसऱ्या बाजूचा. पाय मोडला आणि देशपांडे सभागृहात मागच्या रांगेत बसून माझी भूमिका दुसऱ्यानं केलेली पाहिली, अंगात सदरा माझाच. सुरुवातीला पाहवेना. मग बापाचं पत्र वाचायच्या जागी, जिथं मी कायम घाई करायचो, तिथं तो नुसता थांबला आणि ते वाक्य मला तेव्हा कळलं. पाय बरा झाल्यावर मी तोच पॉज घ्यायला लागलो. त्याला अजून सांगितलेलं नाही.

*

दादा, त्याला आजच फोन लावा.