पालकांचा सहभाग मागणारी कृतिशील प्राथमिक शाळा निवडताना काय पाहावे?

रानजाई

नमस्कार. येत्या जूनमध्ये मुलीला पहिलीत घालायचे आहे आणि आम्ही पुण्यातल्या दोन शाळांपाशी येऊन अडलो आहोत. एक घराजवळची, इंग्रजी माध्यमाची, शिस्तशीर आणि दर महिन्याला चाचणी घेणारी आहे. दुसरी मराठी माध्यमाची आणि थोडी लांब आहे. तिथे चौथीपर्यंत क्रमांक काढत नाहीत, गणित काड्या, मणी आणि मापे हाताळत शिकवतात, मुले शाळेच्या वाफ्यात मेथी लावतात आणि तीच निवडून, चिरून खातात. प्रवेशाच्या वेळीच तिथे सांगितले जाते की मुलाला फाटकाशी सोडून निघून जाणारे पालक आम्हाला नको आहेत. दर महिन्याला वर्गाची पालकसभा, वर्षातून काही तास वर्गात प्रत्यक्ष मदत, शिवाय सहलीला आणि शिबिराला सोबत, एवढी अपेक्षा असते.

मी बँकेत नोकरी करते आणि यजमान चाकणला कारखान्यात पाळीने काम करतात. सासूबाईंचे म्हणणे असे की त्या शाळेतली मुले सदा खेळतानाच दिसतात, मग पाढे म्हणणार कधी? मला दुसरी शाळा मनापासून आवडली आहे, पण आवडणे आणि सहा-सात वर्षे निभावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हाताने करत शिकण्यातून वाचन आणि हिशेब खरोखर पक्के होतात का, पालकांच्या सहभागाचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो आणि पाचवीनंतर मुलांचे काय होते, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

पाटीपेन्सिल

मी बरीच वर्षे प्राथमिक वर्गांना गणित आणि परिसर अभ्यास शिकवला आहे, म्हणून सासूबाईंच्या शंकेपासून सुरुवात करतो. ती शंका रास्त आहे, कारण कृती करणे म्हणजेच शिकणे असे समजून थांबणाऱ्या शाळाही मी पाहिल्या आहेत.

हातच्याची वजाबाकी घ्या. बावन्नातून सत्तावीस वजा करताना ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक घेतला’ असे मूल घडाघडा म्हणते, पण तो घेतलेला एक म्हणजे दहा आहेत, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. ज्याने दहा-दहा काड्यांचे गठ्ठे स्वतः रबर लावून बांधले आहेत, त्याला गठ्ठा सोडल्याशिवाय सात काड्या देताच येत नाहीत, आणि तिथे दशक म्हणजे काय ते त्याला कळते. मात्र खरे काम यानंतर सुरू होते. गठ्ठा का सोडावा लागला हे मुलाला शब्दांत सांगता आले पाहिजे, मग त्याने ते चित्रात दाखवले पाहिजे आणि शेवटी काड्या बाजूला ठेवून तेच उदाहरण वहीत मांडता आले पाहिजे. जी शाळा पहिल्या पायरीवर रमते, तिथली मुले चौथीतही बोटे मोजतात. जी शाळा पहिली पायरी गाळून थेट वहीवर येते, तिथे उत्तरे बरोबर येतात, पण उदाहरणाची भाषा जरा बदलली की मुले गडबडतात. वर्ग पाहायला जाल तेव्हा साहित्य किती आहे हे मोजू नका. साहित्य वापरून झाल्यावर शिक्षिका काय विचारते आणि मुलांना बोलायला किती वेळ देते, तेवढे ऐका.

पाढ्यांबद्दल सासूबाईंशी वाद घालू नये असे मी सुचवेन. पाढे पाठ हवेतच. चार सारख्या रांगांमध्ये सहा-सहा चिंचोके मांडून सहा चोक चोवीस पाहिलेल्या मुलाला पाठांतर जड जात नाही, आणि पाठांतर घेण्यात आजीइतका धीर कोणत्याच शिक्षकापाशी नसतो.

इथेच पालकांचा मुद्दा येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे संख्यावाचन दिले गेले, तेव्हा झालेला गदारोळ आठवत असेल. मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक, त्यामुळे ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारी मुले प्रत्येक पहिली-दुसरीच्या शिक्षकाने पाहिलेली असतात. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी संख्यांच्या नावांतल्या जोडाक्षरांची अडचण आणि त्यातून गणिताविषयी बसणारी धास्ती शांतपणे समजावून सांगितली होती. माझ्या मते तो बदल शैक्षणिकदृष्ट्या योग्य होता, पण बहुतेक पालकांपर्यंत तो पोहोचला तो टीव्हीवरचा विनोद म्हणून. ज्या शाळेत पालकांनी स्वतः काड्या हाताळलेल्या असतात, तिथे हाच विषय अर्ध्या तासाच्या पालकसभेत संपला असता. पालकसभेचे पहिले काम मला हेच वाटते: शाळा एखादी गोष्ट विशिष्ट पद्धतीने का करते, हे पालकांना हाताने करून कळावे, म्हणजे घरी आई एक रीत आणि शाळेत बाई दुसरी, अशी मुलाची ओढाताण होत नाही.

वाचनाबद्दल एकच प्रश्न शाळेला विचारा: दुसरीच्या दिवाळीपर्यंत वाचू न लागलेल्या मुलासाठी तुम्ही नेमके काय करता? ‘प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकते’ एवढेच उत्तर मिळाले, तर सावध व्हा. गतीचा आदर करणाऱ्या चांगल्या शाळेला कोणते मूल कुठे अडले आहे हे नावानिशी माहीत असते.

सांजवारा

माझी दोन्ही मुले अशाच एका शाळेतून शिकली, त्यामुळे सहभाग म्हणजे काय यावर लिहिते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की पालकांनी शाळेची कामे करायची, म्हणजे संमेलनाचे कपडे शिवायचे, सहलीला मुले मोजायची, रंगरंगोटी करायची. तेही असते, पण त्यात पालक हा फक्त फुकटचा मदतनीस असतो. आमच्या वर्गात ज्या तासांचा मुलांवर परिणाम झाला, ते वेगळे होते. एका मुलाचे वडील शिंपीकाम करत. ते मापाची फीत आणि कागद घेऊन आले आणि मुलांनी एकमेकांची मापे घेऊन झबल्याचा कागदी आराखडा कापला. सेंटीमीटर आणि इंच एकाच फितीवर का असतात, कापड आडवे-उभे ठेवल्याने किती वाया जाते, असे प्रश्न मुलांनीच काढले. आणखी एका मुलीचे वडील एसटीचे वाहक होते. त्यांनी टप्प्यांचा आणि भाड्याचा तक्ता आणला, तर तिसरीचा वर्ग आठवडाभर तिकिटे फाडत, सुटे पैसे परत करत बेरीज-वजाबाकी करत राहिला. त्या मुलीला वर्गात वाचताना अडखळायला होई, परंतु त्या आठवड्यात सगळे तिलाच विचारायला जात. पालकाच्या हातातले कसब वर्गाचे शिक्षणसाहित्य झाले की डॉक्टर आणि वाहक एकाच पायरीवर येतात, आणि मुलांना ते न सांगता समजते.

आता अडचणीही सांगते. पहिली म्हणजे ‘पालक’ हा शब्द कागदावर असला तरी प्रत्यक्षात आईच येते. आमच्या शाळेने पुढे प्रत्येक घरातून वर्षातल्या निम्म्या सभांना वडिलांनी यावे, असा नियम केला. सुरुवातीला कुरकुर झाली, मग सवय झाली. दुसरी अडचण अशी की ज्यांना सवड आहे तेच सगळीकडे दिसतात आणि हळूहळू शाळा आपल्या मताने चालावी असे त्यांना वाटू लागते. शिक्षिकेने कोणता पाठ कधी घ्यावा हे ठरवणे हा सहभाग नव्हे, आणि हे शाळेने नम्रपणे पण स्पष्ट सांगायला हवे. तिसरी अडचण व्हॉट्सॲपच्या गटाची. तुझ्याने किती पाने वाचली, माझ्याने किती, हे तिथे सुरू झाले की वर्गात क्रमांक न काढण्याला काही अर्थ उरत नाही.

आमच्याकडे वर्गात मदतीला येणाऱ्या पालकांसाठी काही बंधने होती आणि ती मला फार उपयोगी वाटतात. आपल्या मुलाच्या गटात बसायचे नाही. दुसऱ्याच्या मुलाबद्दल जे दिसेल ते फाटकाबाहेर बोलायचे नाही. मुलाला येत नसेल तर उत्तर सांगायचे नाही. यातले शेवटचे पाळणे सर्वांत कठीण असते. एकदा पुठ्ठ्याची घरे करायची होती, तर मुले कात्री धरून शांत बसलेली आणि पाचही पालक घामाघूम होऊन पुठ्ठे कापत होते!

बांधावरून

मी ग्रामीण भागातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. वरची चर्चा चांगली आहे, पण वाचताना असे वाटते की कृतीतून शिक्षण आणि पालकांचा सहभाग ही शहरातल्या मोजक्या शाळांची खासियत आहे. तसे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाचा सर्वांगीण विकास आणि कृती, शोध यांतून शिकणे हे प्रत्येक शाळेच्या अभ्यासक्रमासाठी लिहिलेले आहे. कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कायद्यात हे सगळे आहे. सह्यांसाठी घरोघर फिरणारे इतिवृत्ताचे रजिस्टरही आहे.

आमच्याकडे सभा सकाळी अकराला ठेवली की मजुरीला जाणाऱ्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो. ती आली नाही की ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा पडतो. आम्ही सभा रात्री जेवणानंतर देवळाच्या ओट्यावर घ्यायला लागलो आणि ओटा भरू लागला. पण बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पाच-सहा महिने गावातच नसतात. मूल आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहते. तिथे सहभागाची व्याख्या आजीपासूनच करावी लागते.

हा विचार जुना आहे, हेही नोंदवतो. ताराबाई मोडकांनी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या सोबतीने बालशिक्षणाचे काम केले, १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह हे काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. खडे, पाने, बिया, शिंपले हेच साहित्य होते, आणि वर्ग अंगणातच असल्यामुळे आया आपोआप भोवती असत. शाळेने पालकांना बोलावण्याऐवजी शाळा पालकांकडे गेली. त्याआधी १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची मांडणी केली होती. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा आजही शेती आणि स्वयंपाक अभ्यासाशी जोडून शिकवते.

नक्कल मात्र जपून करावी. साताऱ्याच्या कुमठे बीटमधले (बीट म्हणजे शाळांचा गट) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करून आपले ज्ञान रचावे असे मानणारे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. अनेक ठिकाणी परत येऊन वर्गाच्या फरशांवर आकृत्या तेवढ्या रंगवल्या गेल्या. पाटीपेन्सिल म्हणतात तसे, फरशीवरच्या आकृतीवर मुले बसली आणि शिक्षक बोलतच राहिले, तर रंगाचा खर्च वाया गेला.

रानजाई

तिघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना पाढ्यांची जबाबदारी देण्याची कल्पना घरात लगेच मान्य झाली. दोन शंका उरल्या आहेत. पाचवीत परीक्षा सुरू झाल्यावर या मुलांना धक्का बसतो का? आणि यजमानांची पाळी दर आठवड्याला बदलते, तर सहभागाची अट आम्ही पाळणार कशी?

पाटीपेन्सिल

पाचवीचा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे, कारण महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात उत्तीर्ण न झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तरीही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. माझ्या पाहण्यात या शाळांतली मुले विषयात मागे नसतात, पण घड्याळ लावून लिहिण्याची त्यांना सवय नसते. प्रश्न नीट समजतो, मग एकाच उत्तरात मूल रमते आणि पेपर अर्धा राहतो. चौथीच्या दुसऱ्या सत्रापासून वेळ लावून लिहिण्याचा सराव शाळा देते का, हे विचारून घ्या. देत नसेल, तर घरी शनिवारी अर्धा तास पुरतो. त्यासाठी पहिलीपासून चाचण्या घेण्याची गरज नाही. शाळेत जाल तेव्हा दुसरीच्या आणि चौथीच्या एकाच मुलाच्या नव्हे, तर हाताला लागतील त्या चार वह्या मागून पाहा. संमेलनाच्या किंवा प्रदर्शनाच्या दिवशी मात्र जाऊ नका. साध्या मंगळवारी जा.

सांजवारा

पाळीचे उत्तर सोपे आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात, झोप झाल्यावर, दुपारच्या सत्रात तासभर येणारे वडील आमच्या वर्गात होते आणि नऊ ते सहा नोकरी करणाऱ्यांपेक्षा त्यांचेच येणे जास्त व्हायचे. तेही जमत नसेल, तर कारखान्यात सुटा भाग मापात आहे की नाही हे कसे तपासतात, यावर वर्गातली मुले प्रश्न लिहून घरी पाठवतील आणि यजमानांनी सवडीने उत्तरे लिहून, शक्य असल्यास एखादा टाकाऊ भाग सोबत द्यावा. प्रवेशापूर्वीच्या भेटीत शाळेला हे असेच सांगा आणि तिथली मंडळी काय म्हणतात ते इथे कळवा. अट वेळेची आहे की गुंतण्याची, हे त्यांच्या उत्तरावरून तुम्हाला कळेल.