साटा हार्ड डिस्क कॅबिनेटबाहेर ठेवून तात्पुरत्या जोडायच्या आहेत. केबल लांबवता येईल का?

पंचवटीकर:
नमस्कार. 2015 च्या सिंहस्थात रामकुंड परिसरात केलेले छायाचित्रण आणि चित्रीकरण माझ्याकडे चार जुन्या, साडेतीन इंची साटा (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची एक पद्धत) हार्ड डिस्कवर विखुरलेले आहे. पुढचा सिंहस्थ सुरू होण्याआधी ते सगळे एका मोठ्या नव्या डिस्कवर एकत्र करण्याची माझी इच्छा आहे. मदरबोर्डवर चार साटा पोर्ट मोकळे आहेत, परंतु कॅबिनेट लहान असल्यामुळे आत जागा नाही. म्हणून झाकण काढून चारही डिस्क शेजारच्या टेबलावर मांडाव्यात आणि काम होईपर्यंत तशाच जोडून ठेवाव्यात, असा विचार आहे. मात्र डेटा केबल जेमतेम अर्ध्या मीटरच्या आहेत आणि एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वायरीही टेबलापर्यंत पोहोचत नाहीत. तीन डेटा केबल कापून, तारांना तारा सोल्डर करून दीड मीटरची एक केबल केली तर चालेल का? पॉवरच्या वायरी तशाच वाढवता येतील का?

सातपूर वर्कशॉप:
डेटा केबल कृपया कापू नका. साटा केबलमध्ये सिग्नलच्या तारांच्या दोन जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील दोन तारांमधले अंतर व त्यांच्याभोवतीचे आवरण असे ठरवलेले असते की जोडीचा इम्पिडन्स (वेगवान सिग्नलला होणारा विरोध) सर्वत्र 100 ओहमच्या आसपास राहावा. सोल्डरसाठी तारा सोलल्या की नेमक्या त्याच ठिकाणी तो बिघडतो. सिग्नल जेमतेम अर्ध्या व्होल्टचा आणि वेग सेकंदाला 6 गिगाबिटपर्यंत, त्यामुळे त्या जोडावरून परावर्तित होणारा भागही त्रासदायक ठरतो. मल्टिमीटरवर अशी केबल अगदी ठीक दिसते आणि म्हणूनच फसवते.

साध्या साटा केबलची मर्यादा 1 मीटर आहे. ई-साटाला (कॅबिनेटबाहेरच्या डिस्कसाठीच्या साटाच्या प्रकाराला) 2 मीटर चालते, पण तिथे सिग्नल अधिक जोमाने पाठवला जातो. साध्या पोर्टला नुसते ई-साटाचे सॉकेट लावल्याने ती क्षमता येत नाही. एक मीटरची तयार केबल घ्यावी, तिला तीव्र घडी घालू नये आणि टेबलच कॅबिनेटजवळ सरकवावे.

गंगापूर रोड:
पॉवरचे गणित वेगळे आहे. तिथे वायर वाढवता येते, पण जाडी पाहावी लागते. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना 12 व्होल्टच्या लाइनवर क्षणभर 2 अँपिअरच्या आसपास करंट घेऊ शकते. चारही डिस्क एकाच वाढवलेल्या वायरीवर असतील आणि एकदम सुरू झाल्या, तर 8 अँपिअर होतात. वाढवलेला भाग 60 सेंटिमीटरचा धरला तर जाऊन-येऊन 1.2 मीटर तांबे होते. 1 चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्याने सुमारे 0.2 व्होल्ट पडतात, तर 0.33 चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत अर्ध्या व्होल्टहून थोडे जास्त. 12 व्होल्टला 5 टक्के, म्हणजे 0.6 व्होल्ट इतकीच सूट असते आणि कनेक्टरमधली घट अजून धरलेलीच नाही.

पिवळी वायर 12 व्होल्टची, लाल 5 व्होल्टची आणि काळी ग्राउंडची. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली, तर 12 व्होल्ट थेट डिस्कच्या 5 व्होल्टच्या सर्किटमध्ये जातात आणि बोर्ड जळू शकतो. डिस्क लावण्यापूर्वी सर्व जोड मल्टिमीटरने तपासावेत.

इंदिरानगर:
मला मूळ बेताबद्दलच विचारावेसे वाटते. नकल एका वेळी एकाच डिस्कवरून करायची असेल, तर चारही एकत्र जोडण्याची गरजच काय? स्वतःचा 12 व्होल्टचा अडॅप्टर असलेला यूएसबी 3 डॉक (डिस्क खोचून यूएसबीने संगणकाला जोडायचे उपकरण) घेतला, तर केबलचा प्रश्नच उरत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या, पुन्हा कधीच न मिळणाऱ्या चित्रणासाठी तेवढा खर्च योग्य आहे.

तरीही थेट जोडायच्या असतील, तर डिस्क लाकडी पाटावर सुट्या सुट्या ठेवा, कारण खालचा सर्किट बोर्ड पत्र्याला टेकला तर शॉर्ट होऊ शकतो. समोर पंखा असू द्या आणि फिरत असताना डिस्क उचलू नका. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे यूपीएसशिवाय सुरुवात करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्मार्ट नोंदींतील (डिस्क स्वतःच्या स्थितीबद्दल ठेवते त्या नोंदींतील) 199 क्रमांक, अर्थात सीआरसी एररचा, म्हणजे डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुकांचा आकडा, आधी लिहून ठेवा. तो पुन्हा शून्य होत नाही, त्यामुळे जुना आकडा पाहून घाबरू नका. पण नकल चालू असताना तो वाढला, तर संशय आधी केबलवर घ्यावा.

पंचवटीकर:
सर्वांचे मनापासून आभार. डॉक घेण्याचे ठरवले आहे आणि चारही डिस्कच्या 199 च्या नोंदी आजच लिहून ठेवतो. यांपैकी एक डिस्क सुरू होताना मधूनच टक्‌टक् असा आवाज करते. तिची नकल सर्वांत आधी करावी की शेवटी?

सातपूर वर्कशॉप:
सर्वांत आधी, आणि तोपर्यंत ती विनाकारण सुरू करू नका. फोल्डर उघडून पाहत बसण्याऐवजी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नकल, घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळते. आवाज सतत येऊ लागला किंवा डिस्क ओळखलीच गेली नाही, तर वीज बंद करून ती डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच द्या.