जुने घर दुरुस्त करून थोडे वाढवावे, की पाडून नवे बांधावे?

धागाकर्ता: भारवाहक भिंतींच्या, म्हणजे छपराचा भार खांबांऐवजी भिंतींवरच असलेल्या, जुन्या घरात जागा अपुरी पडू लागली की पहिला सल्ला मिळतो तो पाडण्याचा. माझे मत उलट आहे. पाया आणि भिंती शाबूत असतील, तर आधी घराची नीट दुरुस्ती करावी आणि मागच्या बाजूस एखादी खोली व न्हाणीघर एवढीच वाढ करावी. क्रम मात्र चुकू नये: प्रथम छप्पर आणि पावसाच्या पाण्याचा निचरा, मग ओल, मग वायरिंग व नळ, आणि रंगरंगोटी अगदी शेवटी. बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट होते आणि ओलसर भिंत सिमेंटच्या गिलाव्याखाली झाकून टाकली जाते. विटा चुन्यात बांधलेल्या असतील, तर भिंतीतली ओल चुन्याच्या दरजांतून आणि गिलाव्यातून वाळत असते. सिमेंटचा घट्ट थर ती वाट बुजवतो, ओल आणखी वर चढते, आणि काही वर्षांत गिलावा फुगून सुटतो तेव्हा विटेचा पापुद्राही सोबत घेऊन येतो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा.

प्रतिसाद १: आपले सारे म्हणणे एका अटीवर उभे आहे, आणि ती अट पुरी होते की नाही हे काम उघडल्याशिवाय कळत नाही. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजलेले निघते. मग अंदाजपत्रक कोलमडते आणि काम अर्धवट सोडताही येत नाही. त्यापेक्षा नव्या घरात भूकंपाचा विचार करून भिंतींत सभोवार घातलेले काँक्रीटचे आडवे पट्टे, रुंद जिना, एकाच पातळीवरची जमीन हे सारे पहिल्या दिवसापासून मिळते.

धागाकर्ता: खर्चाची अनिश्चितता आहेच, पण ती बरीच कमी करता येते. तुळईच्या टोकाशी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला की लाकूड भुसभुशीत आहे का ते लगेच कळते. पायाशी एक-दोन खड्डे घेतल्यास त्याची खोली आणि खालची जमीन दिसते. हे काम कंत्राटदाराकडून नव्हे, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून, म्हणजे बांधकामाची मजबुती तपासणाऱ्या अभियंत्याकडून, करून घ्यावे, कारण कंत्राटदाराला पुढच्या कामात स्वारस्य असते.

प्रतिसाद २: दुरुस्तीला माझा विरोध नाही, वाढीला आहे. जुन्या पायाखालची माती भाराने केव्हाच दबून बसलेली असते. नवा पाया मात्र सुरुवातीची काही वर्षे थोडा खचतो, त्यामुळे दोन्ही भिंती एकमेकींत घट्ट गुंफल्या तर जोडावर तडा ठरलेलाच. तिथे उभा सांधा मोकळा ठेवून त्यात लवचीक भरण करावे लागते. नवा पाया जुन्याच्या तळापेक्षा खोल खणावा लागत असेल, तर तो तुकड्यातुकड्यांनी खणावा, नाहीतर जुन्या भिंतीचा आधारच निसटतो. दोन छपरे जिथे भेटतात ती पन्हळ गळण्याची हक्काची जागा. आणि एवढे सांभाळूनही आजची मागची खोली मधली होते: तिची खिडकी नव्या खोलीत उघडते आणि भरदुपारी दिवा लावावा लागतो. वरचा मजला चढवण्याविषयी तर बोलायलाच नको.

धागाकर्ता: उजेडाचा मुद्दा मला पूर्ण पटतो. म्हणूनच वाढ पूर्ण रुंदीची न करता एका अंगाला घ्यावी, म्हणजे मधल्या खोलीची निदान एक खिडकी उघड्यावर राहते.

प्रतिसाद १: मग एवढेच सांगा, कोणत्या परिस्थितीत आपण दुरुस्तीचा हट्ट सोडाल?

धागाकर्ता: संपूर्ण छप्पर बदलावे लागले तरी सोडणार नाही, कारण छप्पर कधी ना कधी बदलायचेच असते. पाया अजून खचत असेल तर सोडेन. त्यासाठी भिंतीतल्या मोठ्या तड्यांवर आडव्या काचपट्ट्या चिकटवून सर्व ऋतूंत लक्ष ठेवावे. पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून हलते आहे, आणि त्याचे कारण इंजिनिअरकडून समजून घेईपर्यंत वाढीचा नकाशासुद्धा काढू नये.