पाय थरथरतो म्हणून सोडू नका

स्लॅकलाइनवर, म्हणजे दोन झाडांमध्ये ताणलेल्या चपट्या पट्ट्यावर, पाय ठेवताच शिवणयंत्रासारखा थरथरतो, आपला तोलच कच्चा आहे का, असं तुम्ही विचारलंय. अहो, तो सगळ्यांचाच थरथरतो! डोंबाऱ्याचा दोर ताठ असतो आणि हातात काठी असते. इथे पट्टा खालीवर आणि आडवाही हलतो, काठीचं काम हातांनीच करायचं. शरीराला ते उमगायला थोडे दिवस लागतात.

चालायची घाई करू नका. आधी एका पायावर नुसतं उभं राहा, गुडघा किंचित वाकलेला, हात खांद्यांच्या वर, नजर समोरच्या झाडावर. पायाकडे पाहिलंत की पडलात. दहा सेकंद जमले की दुसरा पाय. मी अनवाणीच करतो, पट्टा तळव्याला कळतो.

पट्टा ५० मिमी रुंद, लांबी ६-७ मीटर, उंची गुडघ्याएवढी, तीही तुम्ही उभे राहिल्यावर खाली झुकणार हे धरून. खाली माती किंवा गवत हवं, फरशी नको. झाड जिवंत आणि कवेत मावेल-न मावेल इतकं जाड निवडा, सालीभोवती जाड गोणपाट गुंडाळा. गुलमोहर मला भरवशाचा वाटत नाही. रॅचेटच्या (पट्टा ताणायच्या खटक्याच्या) बाजूला मुलांना फिरकू देऊ नका, ताण प्रचंड असतो.

अमेरिकेतल्या योसेमिटी दरीतल्या गिर्यारोहकांनी चढाईच्या पट्ट्यांवर हा नाद वाढवला. १९८५ मध्ये त्यांच्यातला स्कॉट बाल्कम तिथल्या लॉस्ट ॲरो या उंच सुळक्याकडे जाणाऱ्या पट्ट्यावरून चालला. आपल्याला तूर्त गुडघ्याएवढी उंची पुरे.