मदत हवी: शेणखत भरपूर टाकलं, तरी भरताची वांगी पिवळी का पडतायत?

राम राम मंडळी. यावल तालुक्यात आमचं 20 गुंठे भरताचं वांगं आहे, घरचंच बियाणं. लागवडीला 38 दिवस झाले. यंदा वडिलांनी ठरवलंय, युरियाचा दाणा शेतात येऊ द्यायचा नाही. म्हणून लागवडीच्या आठवडाभर आधी उकिरड्यातलं दोन ट्रॉल्या खत सऱ्यांत टाकलं, चार टन तरी असेल. आता झाडं वीतभर होऊन थांबलीत, खालची पानं पिवळी होऊन गळतायत. पाणी ठिबकवर, वाफसा चांगला. बांधापलीकडे काकांनी कोंबडीखत टाकलं, त्यांचं वांगं गुडघ्याला लागलं. वडील म्हणतात, थांब, शेणखत हळू लागतं. पण किती हळू?

काल एक रोप उपटून पाहिलं. मुळांपाशी पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या काड्यांचे) बोट-बोटभर तुकडे, जसेच्या तसे, वर पांढरी बुरशी. उन्हाळ्यात कुट्टी करून उकिरड्यात टाकली होती ती. तिचा काही संबंध?

काळीमाती: तोच तर घोळ आहे भाऊ! पऱ्हाटीत कार्बन रग्गड, नत्र (नायट्रोजन) अगदी थोडं. ती कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं, ते खतात मिळालं नाही की मातीतलं ओढतात. जेवण तुम्ही वांग्याला वाढलं, पंगतीला आधी जिवाणू बसले. खतात एका भाग नत्रामागे 30 पेक्षा जास्त भाग कार्बन असला की असं होतं. 20 च्या खाली आला की नत्र सुटायला लागतं. आधी अमोनियम, मग नायट्रेट.

आता हिशोब. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरतात, म्हणजे चार टनांत 20 किलो. त्यातलं पहिल्या पिकाला तिसरा हिस्सा मिळतो, 6-7 किलो, तेही हंगामभर थोडं थोडं. वांग्याला हेक्टरी 100 ते 150 किलो लागतं, तुमच्या 20 गुंठ्यांना 20 ते 30. वडिलांचं चूक नाही, पण नुसत्या थांबण्यानं हे भरून निघणार नाही. पालाश (पोटॅश) मात्र लवकर मिळतं, त्याची काळजी नको.

काकांच्या कोंबडीखतात नत्र जास्त, आणि बरंचसं युरिक आम्लाच्या रूपात. ते काही आठवड्यांतच सुटतं. म्हणून तुम्ही आता कच्चं कोंबडीखत बुंध्याशी टाकू नका, मुळं जळतील.

तापीकाठ: लोहाची कमतरता नाही ना? आपल्या चुनखडीच्या रानात तेही होतं.

काळीमाती: लोह कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं आधी पिवळी पडतात, शिरा हिरव्याच राहतात. इथं खालून सुरुवात झालीय, म्हणजे झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतंय.

उपाय: चाळलेलं, काळंभोर गांडूळखत बुंध्यापासून चार बोटं लांब, मातीत मिसळून द्या. आणि गोमूत्र दहापट पाण्यात, बुंध्याला, आठवड्यातून एकदा. निंबोळी पेंडही चांगली, पण तिचं नत्र सावकाश सुटतं, आजची भूक तिनं भागायची नाही. (वडिलांना सांगू नका, गोमूत्रातलं बरंचसं नत्र युरियाच्याच रूपात असतं.)

धागाकर्ता: हाहा, वडील मागे उभे राहूनच वाचतायत. उरलेला अर्धा उकिरडा तसाच आहे, तो पुढच्या वर्षी तरी चालेल का?

काळीमाती: चालेल, पण आत्ताच उलथा. थरांवर ताजं शेण आणि पाणी शिंपडा, महिन्याला एकदा खालीवर करा. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी, पाणी गळू नये. तीन-चार महिन्यांनी मध्यात हात घाला. गरम लागलं, उग्र वास आला किंवा पऱ्हाटी ओळखू आली तर अजून कच्चं आहे. आणि उलथताना पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा, हुमणी असेल. ती रानात गेली तर मुळंच कुरतडेल.

धागाकर्ता: हुमणी निघालीय. डबाभर.